संत अंतोनची पाठ

मला संतांचा राग येतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा. अंधेरीच्या गावठाणातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, वर माळा, पुढे वीतभर अंगण आणि अंगणात क्रूस. त्या दोन खोल्यांत माणसं चार आणि संत अकरा. मम्मी रोज संध्याकाळी जेवणाआधी संतांच्या चरित्रांचं जाडजूड पुस्तक उघडायची आणि त्या दिवशी ज्याचा सण असेल त्याची गोष्ट मोठ्याने वाचायची. कुणाला बाणांनी मारलं, कुणा बाईचे डोळे काढून ताटलीत ठेवले, कुणाला जाळीवर भाजलं. मग पुस्तक मिटून म्हणायची, "चला, ताटं घ्या." माझी धाकटी बहीण त्यावरही हसायची. जाळीवरचा तो संत लॉरेन्स म्हणाला म्हणे, ही बाजू झाली, आता परता. तेव्हापासून तव्यावर बोंबील परतताना ती दर वेळी विचारायची, "काय संत लॉरेन्स, झाली का ही बाजू?" मम्मी हसून लोटपोट. मला हसू यायचं नाही. मला एवढंच दिसायचं की मसाला मी वाटला, बोंबील मी साफ केले, आणि कौतुक चाललंय हिचं.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीच बोलणारे. हे लोकांना दर वेळी समजावून सांगावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. "अय्या, तुम्ही किती छान मराठी बोलता!" अरे, बोलणारच ना! जिथे आज तुमची मेट्रो उभी आहे तिथे आमचे आजोबा भात लावत होते. असो. मी एका शाळेत पी.टी.ची टीचर होते, तीस वर्षं. शिट्टी नसली तरी माझं चालायचं, आवाजच तसा होता. या आवाजाचं पुढे काय झालं ते सांगायलाच बसले आहे.

आमच्या आल्तारावर, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावर, मधोमध संत अंतोन. दीड फुटाचा, प्लास्टरचा, तपकिरी झगा, डोक्यावर मधोमध टक्कल, एका हातावर बाळ येशू. हरवलेलं शोधून देणारा संत. त्याची गोष्ट मम्मीच्या पुस्तकात होती. मठातल्या एका नवशिक्याने अंतोनचं प्रार्थनेचं पुस्तक चोरलं आणि पळाला. अंतोनने प्रार्थना केली आणि चोराला असा काही धाक बसला की तो पुस्तक घेऊन उलट्या पावली परत आला. मला गोष्ट एवढीच आठवायची. पुढे अजून दोन ओळी होत्या, पण तोवर माझं लक्ष ताटाकडे गेलेलं असायचं. हाच अंतोन माशांपुढे प्रवचन करायचा आणि मासे पाण्याबाहेर तोंड काढून ऐकायचे, असंही पुस्तकात होतं. खारदांड्याहून एक कोळीण पाटी घेऊन यायची, तिला मम्मीने हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्याला बोल ना, जरा पापलेटांशी बोलून घे. दोन महिने झाले, दिसत नाय मेली."

आता आमच्या लोकांची रीत. काही हरवलं की अंतोनला आधी गोडीगुलाबीने सांगायचं. मंगळवारी मेणबत्ती लावायची, मस्का मारायचा. नाही ऐकलं तर त्याला उचलून त्याचं तोंड भिंतीकडे करायचं. वस्तू देत नाहीस ना, मग राहा तसाच. पप्पांच्या स्कूटरची चावी, माझं घड्याळ, बहिणीचं हॉल तिकीट, सगळ्यासाठी बिचाऱ्याने भिंत बघितली आहे. वस्तू मिळाली की त्याला सरळ करायचं, झगा पुसायचा आणि सॉरी म्हणायचं. गावठाणात कुणाच्याही घरी गेलात आणि अंतोनची पाठ दिसली, की पहिला प्रश्न ठरलेला: "काय हरवलं गो?"

आमच्या घरातला अंतोन सतरा वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा होता.

काय हरवलं ते सगळ्या गावठाणाला माहीत होतं. मम्मीची सोन्याची चेन. तिच्या आईकडून आलेली, जाड, जुन्या घडणीची. घरात पहिल्यापासून ठरलं होतं की ती मोठीची, म्हणजे माझी. माझं लग्न बोरिवलीच्या एका मुलाशी जमलं होतं, जानेवारीत करायचं होतं, आणि चेन गळ्यात घालून आरशात बघायला मी कपाट उघडलं की मम्मी ओरडायची, "ठेव ती, लग्नात घाल."

त्या वर्षी जूनच्या तेरा तारखेला, अंतोनच्या सणाच्या सकाळी, माझी बहीण घरातून निघून गेली. ऑफिसला जाते म्हणाली आणि कोर्टात जाऊन लग्न करून आली. मुलगा घाटकोपरचा, बौद्ध घरातला, त्याचे वडील मराठवाड्यातून आलेले, तो स्वतः एक्स-रे काढायच्या कामाला. माणूस म्हणून त्याच्याविरुद्ध माझ्याकडे सांगण्यासारखं तेव्हाही काही नव्हतं. पण पप्पांना नुसतं "आपल्यातला नाही" एवढंच ऐकू आलं आणि ते खुर्चीत बसून राहिले.

दुपारी पप्पांनी कपाट उघडलं, काय शोधत होते कोण जाणे, आणि चेनची डबी रिकामी. ते मम्मीकडे वळले. मम्मी म्हणाली, "दिसत नाय." बस. तेवढंच.

संध्याकाळी अंगणातल्या क्रूसापाशी लितानी होती. दर वर्षीचीच रीत: ताडपत्री बांधायची, क्रूसाला झेंडूचे हार घालायचे, सगळं गावठाण अंगणात आणि गल्लीत उभं राहतं, शेजारची आंटी एकेका संताचं नाव घेते आणि सगळे म्हणतात, "आम्हासाठी विनंती कर." शेवटी घरच्या मोठ्या मुलीने पातेलं घेऊन फिरायचं आणि प्रत्येकाच्या ओंजळीत उकडलेले चणे घालायचे. जात-पात, ओळख-पाळख काही बघायचं नाही. गल्लीतून जाणारा रिक्षावाला थांबला तरी त्याला द्यायचे. चणे नाकारायचे नाहीत, ही त्यातली एकमेव अट.

लितानी अर्ध्यावर आली आणि फाटकात ही उभी. गळ्यात हार, शेजारी तो. पप्पांच्या पाया पडायला आली होती म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेच्या मैदानावरचा आवाज त्या अंगणात लावला. "पाया नंतर पड! आधी चेन दे! चोरटी कुठली! आईच्या कपाटात हात घालून पळालीस!" आंटीची लितानी थांबली. दीडशे माणसं वळून बघायला लागली. मम्मी दारात उभी होती, पप्पांच्या मागे. बहिणीने एकदा मम्मीकडे बघितलं, माझ्याकडे नाही, आणि वळून चालायला लागली. मला वाटलं, बघा, तोंडातून शब्द नाही, म्हणजे चोरलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंतोनचं तोंड भिंतीकडे होतं.

बोरिवलीवाल्यांनी महिन्याभरात नकार कळवला. पळून जाणारी बहीण, चोरी, नको बाबा असलं घर. पप्पा नाताळाआधी गेले, हार्ट. या दोन्हींचं खापर मी बहिणीवर फोडलं आणि मला ते फोडताना बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. ती मात्र पुढच्या जूनला सणाला आली. एकटी, फाटकाबाहेर. त्याच्या पुढच्या जूनलाही. मी पातेलं घेऊन फिरताना तिला दिसलीच नाही असं करायचे. तिसऱ्या वर्षी ती आत आली आणि रांगेत उभी राहून तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मी तिच्या डावीकडच्या बाईला चणे दिले, उजवीकडच्या बाईला दिले, आणि मधल्या ओंजळीकडे बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चोरांना चणे नाहीत."

ती पुन्हा आली नाही. गावठाणात हे वाक्य मात्र राहिलं. पोरं क्रिकेट खेळताना एकमेकांना म्हणायची.

आणि दर तेरा जूनला दीडशे माणसं दारातून आत डोकावून संताच्या पाठीला नमस्कार करत राहिली. मेणबत्त्यांच्या धुराने त्याची पाठ काळी पडली. नवीन फादर एकदा आशीर्वाद द्यायला घरी आले, ते बघतच राहिले. मी सांगितलं, "फादर, चेन मिळत नाही तोवर." ते म्हणाले, असं करू नये, संत म्हणजे नोकर नव्हे. मी म्हटलं, "मग शोधून द्यायला सांगा, लगेच फिरवते." मम्मीने त्या सतरा वर्षांत अंतोनला एकदाही शिवी घातली नाही, एकदाही विनवलं नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. चावी हरवली तर त्याला दहा वेळा ओरडणारी बाई ती.

गेल्या वर्षाच्या शेवटी मम्मी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती कायमची अंथरुणाला लागली. तिचं सगळं मीच करायचे. फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी मूर्त्या रंगवणारा माणूस गल्लीत आला होता, त्याला मी घरात बोलावलं. म्हटलं, सणाआधी रंगवून घेऊ. तो म्हणाला, "मॅडम, पाठीला रंग देतो, पण चेहरा बघितल्याशिवाय कसं करू?" मी पुढे झाले, अंतोनला कमरेला धरलं आणि मम्मीला म्हणाले, "बास झाली गं आता त्याची शिक्षा. चेन काय मिळायची नाही. फिरवते."

मम्मी किंचाळली. अंथरुणातून उठता येत नव्हतं तरी उठायला बघत होती. "नको! त्याला इकडे नको करू!"

रंगवाला घाबरून बाहेर गेला. मी विचारलं, "काय झालं? वेड लागलं का तुला?"

"शिक्षा त्याला नाय गो," ती म्हणाली. "मना हाय. मना त्याच्या तोंडाकडे बघवत नाय."

मग तिने सांगितलं. त्या सकाळी ती मागच्या दारी उभी होती. धाकटी निघाली तेव्हा मम्मीने तिला थांबवलं. कुठे चाललीये ते तिला माहीत होतं, आधीपासूनच. पोरीला रिकाम्या गळ्याने कशी पाठवू म्हणून तिने स्वतःच्या हाताने चेन तिच्या पर्समध्ये घातली, आणि पप्पांना कळलं तर ते घर डोक्यावर घेतील म्हणून तिला क्रूसाची शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. दुपारी पप्पांनी डबी उघडली आणि मम्मी घाबरली.

"मी 'दिसत नाय' बोलले," मम्मी म्हणाली. "'चोरली' तू बोललीस."

"मग मला का नाही सांगितलंस? त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, पप्पा गेल्यावर, कधीतरी!"

"तुझीच चेन देऊन बसले होते गो. तुला काय सांगू?"

मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की मी खोलीतून बाहेर गेले आणि अंगणात क्रूसासमोर उभी राहून स्वतःच्या दंडाला चिमटे काढत राहिले. माझी चेन. माझं लग्न. माझ्या तोंडून निघालेला शब्द, आणि तो शब्द खोटा आहे हे माहीत असून दारात गप्प उभी राहिलेली माझी आई. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिला भरवत होते, पुसत होते, कूस बदलत होते, सगळं तोंडाला कुलूप लावून. पाचव्या दिवशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तिला सांग. पण मी गेल्यावर. आंटीला नको सांगू." शेवटपर्यंत हिला आंटीची काळजी!

मम्मी मे महिन्यात गेली. कबरस्तानात बहीण आली होती, नवऱ्याबरोबर, कडेला उभी. केस पिकलेले. मागे दोघीजणी कुजबुजल्या, "चोर आली बघ." मला स्पष्ट ऐकू आलं. मी तिथेच वळून एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. आवाज होता, माणसं होती, आणि सगळं खरं मला माहीत होतं. मी मूठभर माती टाकली आणि गप्प राहिले. आजवर मी जे काही वाईट वागले त्यात मला याची सगळ्यात जास्त लाज वाटते. सतरा वर्षांपूर्वी मला निदान माहीत नव्हतं.

आठवडाभर झोप लागली नाही. मम्मीचं पुस्तक काढलं आणि अंतोनचं पान उघडलं. त्या पुढच्या दोन ओळी सापडल्या. चोर नुसतं पुस्तक घेऊन आला नव्हता, तो स्वतःही परत आला होता, आणि मठाने त्याला आत घेतलं. फाटकात उभं राहून कुणी ओरडलं नाही. माझ्या बहिणीने तर काही चोरलंही नव्हतं. पुस्तक मिटलं, साडी बदलली आणि मेट्रो पकडून घाटकोपरला गेले.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. एका क्षणात ओळखलं त्याने मला. "या ताई," म्हणाला, पाणी आणून दिलं, आणि आत निघून गेला. या माणसाशी मी सतरा वर्षांत एक शब्द बोललेले नव्हते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली पुस्तकं, खिडकीत तुळस नाही, कढीपत्ता. बहीण स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बस म्हणाली नाही.

"काय काम?"

मी सांगितलं. मम्मी काय म्हणाली, कधी म्हणाली, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "मला माहीतच होतं ना. मीच तर होते तिथे."

"मग बोलली का नाहीस? एवढी वर्षं!"

"शपथ घातली होती तिने. आणि बाय, तू कधी विचारलं होतंस? तू विचारलं नव्हतंस. तू सगळ्यांना सांगितलं होतंस."

ती आत गेली आणि तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढून आणली. टेबलावर सोडली. चेन. तशीच, काळवंडलेलीसुद्धा नाही.

"एकदाही घातली नाही मी," ती म्हणाली. "माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला नाही, पोरीच्या बारशाला नाही. घातली असती तर तुझंच खरं झालं असतं. घे. तुझीच होती."

"मला नको."

"मलापण नको. मग काय करायचं हिचं?"

दोघी बहिणी टेबलाच्या दोन बाजूंना, मध्ये चेन, आणि कुणी हात लावेना. मी म्हणाले, "माझं चुकलं. माफ कर."

"इथे?" तिने पहिल्यांदा आवाज चढवला. आवाज आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. "इथे कोण आहे ऐकायला? माझा नवरा? त्याला माहीत आहे मी चोर नाही. ओरडलीस कुठे? क्रूसापाशी. दीडशे माणसांत. तिथे बोल. माझ्या स्वयंपाकघरात नको माफी मागूस."

"मम्मीचं नाव खराब होईल गं. आत्ताच गेलीये ती."

"माझं सतरा वर्षं चाललं ना?"

चेन तशीच टेबलावर ठेवून मी उठले. दारापर्यंत आले तेव्हा ती पाठीमागून म्हणाली, "तेराला येईन. फाटकापर्यंत. पुढचं तू बघ."

यंदाच्या तेरा जूनला सकाळी मी स्टुलावर चढून अंतोनला फिरवलं. पाठ काळीकुट्ट आणि पुढून अगदी नवा. गाल गुलाबी, बाळ येशूच्या बोटांचा रंगही उडालेला नाही. सतरा वर्षं धूर सगळा पाठीने खाल्ला होता. त्याने माझ्याकडे बघितलं वगैरे काही नाही, प्लास्टरचा तर आहे. पण मला बघवेना हे खरं. मम्मीला काय होत होतं ते मला तेव्हा कळलं, आणि तिच्यावरचा माझा राग काही त्यामुळे गेला नाही. तो अजूनही आहे. तिच्या कबरीवर फुलं ठेवताना मी तिला दर वेळी ऐकवते.

संध्याकाळी आंटी सगळ्यांत आधी आली, वय पंच्याऐंशी, अजूनही लितानी तीच म्हणते. दारातून आत डोकावली आणि तिथेच थबकली.

"अगो! अंतोन सरळ केलास? चेन मिळाली?"

बघता बघता सगळ्या अंगणात झालं. चेन मिळाली, चेन मिळाली! लोक आत येऊन अंतोनचं तोंड बघून जायला लागले, दोन-चार जणांनी फोटो काढले. कुणी म्हणालं, बघा, शेवटी संताने ऐकलं. गावठाणातल्या अर्ध्या पोरांनी त्याचा चेहरा आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता. मी फाटकाकडे बघत होते. ती आली. एकटी, साधा ड्रेस, ओढणी, पायरीच्या बाहेर उभी.

लितानी सुरू झाली. आंटी एकेक नाव घेत होती, आम्हासाठी विनंती कर, आम्हासाठी विनंती कर. अंतोनचं नाव आलं आणि मी म्हणाले, "आंटी, थांब."

सगळे वळले. मी क्रूसाच्या चौथऱ्यावर चढले. आवाज होता तसाच आला.

"चेन मिळाली म्हणून तुम्ही खूश झालात. ती हरवलीच नव्हती. मम्मीने स्वतःच्या हाताने माझ्या बहिणीला दिली होती, लग्नाला निघाली म्हणून. मम्मीने पप्पांच्या भीतीने ते लपवलं. तिला चोर मी म्हणाले. कुणी मला सांगितलं नव्हतं. मी स्वतःच ठरवलं आणि इथे, याच जागेवर, ओरडून सांगितलं. तिने काही चोरलं नव्हतं. तिच्या ओंजळीवरून मी पातेलं पुढे नेलं, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. आज हेही ऐका."

मग आंटी भडकली. म्हातारी काठी आपटत पुढे आली. "मेलेल्या आईवर घालतेस? महिना नाय झाला तिला! काय पण पोरगी! जीभ झडेल तुझी!"

मम्मीच्या पुस्तकात आहे, अंतोनची कबर कित्येक वर्षांनी उघडली तेव्हा सगळ्याची माती झाली होती, जीभ तेवढी ताजी होती. मला तेच आठवलं.

"झडायची असती तर सतरा वर्षांपूर्वीच झडायला हवी होती, आंटी," मी म्हणाले. "बरं झालं असतं."

अर्धे लोक तिथल्या तिथे निघून गेले. एक जण जाताना म्हणाला, घरातली घाण सणाला काढायची काय गरज होती. दोघीजणी आंटीला धरून घेऊन गेल्या, लितानी अर्धीच राहिली. उरलेले कुठे बघावं ते न कळून ताडपत्रीकडे बघत होते. चणे मात्र शिजलेले होते आणि चणे नाकारायचे नसतात. मी पातेलं उचललं आणि कुणालाही न देता सरळ फाटकाकडे गेले.

ती पायरीच्या बाहेर, मी आत. तिने ओंजळ पुढे केली नाही. मी पळीभर चणे उचलून तशीच उभी राहिले. पळी कलली आणि चार चणे पायरीवर पडले. तिने खाली पडलेल्या चण्यांकडे बघितलं, मग माझ्या पळीकडे. मग गळ्यातली ओढणी काढली, दोन्ही हातांनी माझ्यासमोर पसरून धरली.

"पळीने काय देतेस, बाय?" ती म्हणाली. "नीट भर. सतरा वर्षांचे आहेत."